'माणसात आणले' म्हणजे नेमके काय केले? खानदेशच्या भिल्ल पलटणीचा पंचनामा

१/
चाळीसगावहून कन्नडला चढणारा औट्रम घाट खानदेशात सर्वांना ठाऊक आहे. निदान वाहतूक खोळंबल्याच्या बातमीत तरी हे नाव कानावर पडतेच. हा औट्रम कोण, असे विचारले की एक ठरलेले वाक्य ऐकू येते : "रानटी भिल्लांना ज्याने माणसात आणले, तो गोरा साहेब." या एका वाक्यात तीन असत्ये आहेत. भिल्ल रानटी नव्हते. त्यांना कोणी माणसात आणले नाही. आणि जे काही घडले, ते एकट्या साहेबाने घडवलेले नव्हते. पुढचा धागा या तीन असत्यांविरुद्ध आहे. शेवटी एक चौथे असत्यही येईल. ते नवे आहे, म्हणून अधिक घातक आहे.

२/
आधी वस्तुस्थिती. १८२५ साली धरणगाव येथे मुंबई सरकारने भिल्लांची एक पायदळ पलटण उभी केली. तिचे नाव 'खानदेश भिल्ल कोअर'. तिचा पहिला प्रमुख लेफ्टनंट जेम्स औट्रम हा तेव्हा बावीस वर्षांचा होता. ही कंपनीच्या नियमित, क्रमांकित पलटणींपैकी नव्हती. एका जिल्ह्यापुरती, त्या जिल्ह्यातल्याच लोकांची स्थानिक पलटण होती. १८९१ मध्ये ती मोडून पोलीस दलात मिसळण्यात आली. आयुष्य अवघे ६६ वर्षांचे. सैन्याच्या इतिहासात हा काळ अल्प ठरतो. पण एवढ्या काळात तिने खानदेशाच्या डोक्यात जी गोष्ट पेरली, ती आज दोनशे वर्षांनीही उगवते आहे.

३/
रावेरकरांनी याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण ही धुळ्याची किंवा धरणगावची दूरची कथा नाही. आपल्या उत्तरेला सातपुडा आहे. पायथ्याच्या गावांत तडवी आहेत, भिल्ल आहेत. वर पालच्या बाजूला पावरे आहेत. केळीच्या बागेत सालदार म्हणून राबणारा माणूस यांच्यातलाच आहे, आणि गावात चोरी झाली की ज्याच्या वस्तीकडे पहिली नजर वळते, तोही यांच्यातलाच आहे. ही नजर आली कोठून, हा या धाग्याचा खरा विषय आहे. पलटण हे तिचे एक मोठे उगमस्थान.

४/
पहिले असत्य : रानटीपणा. इंग्रजांच्या पूर्वीच्या खानदेशात भिल्ल हा गावगाड्याच्या बाहेरचा माणूस नव्हता. गावचा जागल्या बहुधा भिल्ल असे. रात्रीची राखण, चोराचा माग काढणे, वाटसरूंना सुखरूप पोहोचवणे ही कामे त्याची. त्याबद्दल पिकातून ठरलेला हक्क त्याचा. डोंगरातल्या नाइकांकडे घाटांची राखण असे आणि त्या वाटेने जाणाऱ्या मालावर त्यांचे ठरीव देणे असे. बऱ्हाणपूरचा व्यापार ज्या वाटांनी चाले, त्या वाटा या राखणदारांच्या भरवशावर चालत. ज्या समाजाकडे राखणीचा हक्क होता, त्याला चोरांची जात म्हणणे हा इतिहास नव्हे. तो हक्क बुडवणाऱ्याचा युक्तिवाद आहे.

५/
ही व्यवस्था इंग्रज येण्यापूर्वीच मोडकळीस आली होती, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १८०२ पासूनची होळकर-पेशवे धुमश्चक्री, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि १८०३-०४ चा भीषण दुष्काळ यांनी खानदेश उजाड केला. गावेच ओस पडली, तेव्हा जागल्याचा हक्क द्यायचा कोणी? डोंगराचा आश्रय घेऊन भिल्ल लुटीवर जगू लागले. त्यावर पेशव्यांच्या अंमलदारांनी शोधलेला उपाय म्हणजे कत्तल. कोपरगाव येथे विश्वासाने बोलावून आणलेल्या भिल्लांना मारून विहिरींत टाकल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. तेव्हा "इंग्रज येईपर्यंत सारे गोकुळ होते" असे म्हणणाऱ्यांनी त्या विहिरींचे स्मरण ठेवावे.

६/
१८१८ मध्ये खानदेश कंपनीकडे आला. कसा आला? त्या फेब्रुवारीत थाळनेरच्या किल्ल्यावर इंग्रज फौजेने किल्लेदाराला फाशी दिली आणि शिबंदी कापून काढली, असा आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पहिला पोलिटिकल एजंट. भिल्लांबाबत त्याचे धोरण दुहेरी होते. शरण येणाऱ्या नाइकांना तनखा द्यायचा आणि न येणाऱ्यांची रसद तोडायची. सपाटीवरचे धान्य डोंगरात जाऊ द्यायचे नाही. चील नाईक पकडला गेला, त्याला १८१९ मध्ये फाशी झाली. एक नाईक पडला की दुसरा उभा राही. १८२५ मध्ये बागलाणात सेवाराम नावाच्या सोनाराने साताऱ्याच्या छत्रपतींच्या नावाचे बनावट कागद दाखवून भिल्लांना उठवले, ते मोडण्यास मुल्हेरवर जो तरुण अधिकारी धावून गेला, तोच हा औट्रम.

७/
म्हणजे सात वर्षे लष्कर वापरून कंपनी हरली होती. सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या रानात नियमित फौज हिवतापाने झिजत होती आणि खर्च वाढत होता. तेव्हा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या सरकारने धोरण पालटले. खानदेशाचे तीन भाग पाडून तीन भिल्ल एजंट नेमले : वायव्येस कुकरमुंडा, दक्षिणेस कन्नड, ईशान्येस धरणगाव. एजंटांनी भिल्लांना जमिनी, बैल-बियाण्यासाठी तगाई आणि मागील गुन्ह्यांची माफी देऊन वसवायचे, आणि धरणगावच्या एजंटाने याखेरीज पलटणही उभारायची. लक्षात घ्या : दयेचा साक्षात्कार झाला म्हणून हे घडले नाही. बंदूक महाग पडली, म्हणून घडले.

८/
येथे औट्रम घाटाचा विनोद पाहा. कन्नडची एजन्सी औट्रमकडे नव्हतीच. ती ओव्हान्सकडे होती. त्या भागातल्या भिल्लांना जमिनीवर बसवण्याचे चिवट, कंटाळवाणे, कागदपत्रांचे काम ओव्हान्सने केले. घाटाला मात्र नाव लागले धरणगावच्या शिकारी साहेबाचे. एका माणसाच्या नावाने इतिहास सांगू लागलो की असेच होते. भिल्ल तर पुसले जातातच, पण दुसरा साहेबसुद्धा पुसला जातो.

९/
तिसरे असत्य येथेच निकालात काढू : ही कल्पना औट्रमची नव्हती. बंगाल इलाख्यात भागलपूरच्या पहाडिया लोकांची पलटण ऑगस्टस क्लीव्हलंडने १७८० च्या दशकात उभी केली होती. राजपुतान्यात मेरवाड्याच्या मेरांची पलटण १८२२ मध्ये उभी राहिली. डोंगरी लोक हाती लागत नसतील तर त्यांच्यातलेच काही नोकरीला ठेवून बाकीच्यांवर सोडायचे, ही कंपनीची घासून गुळगुळीत झालेली रीत होती. औट्रमचे कर्तृत्व ती रीत खानदेशात यशस्वी करण्यात आहे. ते कर्तृत्व खरे आहे, नाकारण्याचे कारण नाही. पण यशस्वी अंमलदार वेगळा आणि मुक्तिदाता वेगळा.

१०/
भरती सोपी नव्हती. भिल्लांत अफवा पसरली होती की साहेब आपल्याला एका साखळीत ओवून नेणार, आपला वंश बुडवणार. कोपरगाव ज्यांच्या आठवणीत ताजे होते, त्यांना ही अफवा का पटू नये? 'विश्वासाने बोलावणे' या शब्दांचा अर्थ त्यांनी आधी एकदा अनुभवला होता. औट्रमने त्यांच्या सोबत रानात राहून, त्यांच्याच पहाऱ्यात निजून, पगार हातोहात चुकवून आणि वाघाच्या शिकारीत पुढे होऊन हा संशय घालवला. त्याने व त्याच्या सोबत्यांनी दहा वर्षांत मारलेल्या वाघांची संख्या दीडशेहून अधिक भरते. आज यावल-पालच्या जंगलात वाघाचा एक ठसा दिसला तर बातमी होते. त्या शिकारकथा मिटक्या मारीत सांगणाऱ्यांनी एवढा हिशेब मनाशी करावा.

११/
आता या पलटणीच्या परंपरेतील सर्वांत मोलाची गोष्ट. ती मी मुद्दाम विस्ताराने सांगते, कारण विरोधी बाजूचा सर्वांत बळकट पुरावा लपवून केलेला वाद हा वाद नसतो. पलटण उभी राहिल्यावर तिला मालेगावच्या छावणीत नेण्यात आले. तेथील नियमित पलटणीत उच्चवर्णीय शिपाई होते. ते या भिल्लांची टर उडवतील, अशी धास्ती होती. घडले उलटे. त्यांनी भिल्ल शिपायांना सोबत बसवले, खाऊ घातले आणि शिपाई म्हणून बरोबरीने वागवले. औट्रमने हा प्रसंग अभिमानाने नोंदवला आहे.

१२/
या प्रसंगाचे मोल मी कमी लेखत नाही. ज्या माणसाची सावली गावात नकोशी होती, त्याला छावणीत पंगत मिळाली. पण प्रश्न पुढचा आहे. ही बरोबरी माणसाला मिळाली की गणवेशाला? तोच शिपाई रजेवर आपल्या गावी गेला, अंगरखा उतरवून पाटलाच्या ओट्यापुढे उभा राहिला, तर त्याला तेथे बसायला सांगत असतील का? पलटणीने मान दिला तो पलटणीच्या कुंपणापुरता. कुंपणाबाहेरचा गावगाडा तिने जसा होता तसाच ठेवला. किंबहुना त्या गावगाड्याच्या राखणीसाठीच तिला पगार होता. 'माणसात आणले' म्हणणाऱ्यांना मी विचारते : कोणत्या माणसांत? आणि ज्यांच्यात आणले म्हणता, त्यांनी जागा दिली का?

१३/
पलटणीचे काम काय होते? १८३० मध्ये तिने डांगच्या राजांवर स्वारी करून तो मुलूख नमवला. १८३० च्या दशकाच्या आरंभी अडावदच्या बाजूच्या तडवी भिल्लांवर हीच पलटण गेली आणि लोक शेकड्यांनी पकडले गेले. म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्याच भागात भिल्लाने भिल्लाला काढण्या लावल्या. काट्याने काटा काढणे म्हणतात ते हेच. फक्त दोन्ही काटे एकाच बाभळीचे होते, आणि पाय तिसऱ्याचा होता.

१४/
मग आले १८५२. रावेरच्या शाळेत हे साल शिकवले पाहिजे. कॅप्टन विंगेटच्या पद्धतीने जमिनीची नवी मोजणी सुरू झाली. शेतकऱ्यांना वाटले, मोजणी म्हणजे सारावाढ. सावदा, रावेर, चोपडा या भागांत हजारो कुणबी एकत्र जमले, मोजणीदारांना काम सोडून मागे फिरावे लागले. एरंडोलपर्यंत हा वणवा गेला. बंडाच्या पुढाऱ्यांत पाटील-देशमुख होते. ते मोडण्यासाठी फौज आली आणि त्या फौजेत भिल्ल पलटणीची तुकडी होती. सावदा-फैजपूरचे पुढारी पहाटे गाठून पकडण्यात आले.

१५/
या प्रसंगाकडे नीट पाहा. आपल्या भागाच्या इतिहासातला हा सर्वांत बोलका क्षण आहे. एका बाजूला ज्याची जमीन मोजली जात होती तो कुणबी. दुसऱ्या बाजूला ज्याचे रान नंतर मोजले जाणार होते तो भिल्ल. दोघांवर एकच सरकार बसले होते. पण बंदूक भिल्लाच्या हाती होती आणि मोहरा कुणब्याकडे. त्या दिवशी पाटलाच्या वाड्यात भिल्लाबद्दल काय बोलले गेले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. 'यांना माणसात आणले' हे वाक्य त्या वाड्यात नक्कीच म्हटले गेले नसेल. ते पुढे, जखम भरल्यावर, गॅझेटियर वाचून आले.

१६/
१९३६ चे फैजपूर काँग्रेस अधिवेशन आपण अभिमानाने सांगतो. खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन, नेहरू अध्यक्ष; तो अभिमान रास्तच आहे. पण त्याच फैजपुरात ८४ वर्षे आधी शेतकऱ्यांनी सरकारी मोजणी रोखून धरली होती, हे किती जणांना माहीत आहे? आपल्याला भव्य मंडप आठवतो, पहाटेची धरपकड आठवत नाही. मंडपाच्या स्मृतीत सर्वांना जागा असते. धरपकडीच्या स्मृतीत कोणी कोणाला धरले, हे सांगावे लागते.

१७/
१८५७-५८ मध्ये तर पलटणीपुढे तिचेच प्रतिबिंब उभे राहिले. सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक उठले. खाज्या हा पूर्वी इंग्रजांच्याच नोकरीत सेंधवा घाटाची राखण करीत होता. दक्षिणेत नगर-नाशिकच्या बाजूला उठलेला भागोजी नाईकही पूर्वी पोलीस दलात होता. ज्यांना हत्यार चालवायला सरकारने शिकवले, त्यांनी ते सरकारवर रोखले. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या डोंगरात मोठी लढाई झाली. हरलेल्यांपैकी पकडलेल्या अनेकांना तेथल्या तेथे लष्करी न्यायालयापुढे उभे करून गोळ्या घालण्यात आल्या. स्त्रिया शेकड्यांनी कैद झाल्या. भीमा नाईक पुढे अंदमानात मेला. अंबापाणीला इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्यांत भिल्ल पलटणही होती.

१८/
येथे चौथे, नवे असत्य येते. अलीकडे अंबापाणीवर लिहिताना काही जण भिल्ल पलटणीला 'गद्दारांची पलटण' म्हणू लागले आहेत. जुने वाक्य भिल्लाला रानटी ठरवत होते, नवे वाक्य त्याला फितूर ठरवते. दोन्ही वाक्ये बोलणारा माणूस मात्र एकच असतो : ओट्यावर बसलेला. १८२५ मध्ये 'देश' नावाची अशी कोणती गोष्ट होती, जिच्याशी या माणसाने निष्ठा ठेवायला हवी होती? कोपरगावच्या विहिरी त्याच्या देशाने दिल्या होत्या. रसदबंदी त्याच्या नव्या सरकारने दिली होती. त्या काळात कंपनीच्या पलटणींत सर्व जातींचे लोक होते. कंपनीचा शिरस्तेदार, मामलेदार, कारकून, सावकार हे सारे कोण होते? पगार घेणारा कारकून 'सुशिक्षित' आणि पगार घेणारा भिल्ल 'गद्दार', हा न्याय कोठला?

१९/
आक्षेप येईल : "तरीही शांतता आलीच ना? दरोडे थांबले, रस्ते सुरू झाले, शेती वाढली." होय, आली. प्रश्न हा की त्या शांततेचा मोबदला कोणी दिला. भिल्लाला जमीन मिळाली, तगाई मिळाली. पण सावकाराच्या वहीसमोर अंगठा उठवताना त्याच्या बाजूला कोणी एजंट उभा नव्हता. काही दशकांत कित्येक भिल्ल त्याच जमिनीवर किंवा शेजारच्या शेतात सालदार झाले. वर्षभराची मजुरी आगाऊ उचलायची आणि वर्षभर फेडत राहायची, ही सालदारी. राखणीचा हक्क गेला, कारण राखण पोलिसांकडे गेली. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलाच्या रेषा आखल्या आणि रान सरकारचे झाले. सरपण, मोहाची फुले, डिंक, शिकार यांतले उरले ते परवानगीने. १८७१ मध्ये तर अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवण्याचा कायदा याच सरकारने केला. कोणा जमातीच्या हाती बंदूक देऊन तिला इमानी म्हणणारे आणि कोणा जमातीला जन्मतःच चोर ठरवणारे हात एकच होते. माणसाला जातीने मोजण्याची खोड दोन्हींत एकच.

२०/
औट्रमच्या थोरवीचा एक पुरावा वारंवार दिला जातो : तो गेल्यानंतर काही वर्षांनी पलटणीच्या जुन्या शिपायांना एक ओबडधोबड मूर्ती सापडली, तिचा चेहरा त्यांना साहेबासारखा वाटला, म्हणून त्यांनी 'औट्रम साहेब' म्हणून तिची पूजा आरंभली. ही कथा छापली कोणी? साहेबाच्या चरित्रकाराने. खरी मानू या. पण ज्या माणसाने आपल्याला पगार वेळेवर दिला, शब्द दिला आणि बहुतेक पाळला, त्याची आठवण ठेवणे यात भाबडेपणा नाही. त्या काळात ही दुर्मीळ वस्तू होती. मूर्तीला शेंदूर लागला यावरून साहेबाची थोरवी जितकी सिद्ध होते, तितकेच त्या आधीच्या आणि नंतरच्या सरकारांचे दारिद्र्यही सिद्ध होते.

२१/
दुसरी मूर्ती अधिक बोलकी आहे. औट्रम १८६३ मध्ये वारला आणि लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे दफन झाले. तेथे त्याचे संगमरवरी स्मारक आहे. मध्ये औट्रम, आणि दोन बाजूंना शोक करणाऱ्या दोन आकृती : एक सिंधी, एक भिल्ल. म्हणजे इंग्लंडच्या राजांच्या दफनभूमीत खानदेशचा भिल्ल दीडशे वर्षे मान खाली घालून उभा आहे. त्याला नाव नाही. तो अमुक नाईक नाही, तमुक हवालदार नाही. तो 'भिल्ल' आहे, साहेबासाठी रडणारा. ही आहे 'माणसात आणण्याची' शेवटची पायरी : माणूस गेला, नमुना उरला.

२२/
पलटणीचा अंत गाजावाजाविना झाला. डिसेंबर १८८९ मध्ये आपल्या शेजारच्या निमाडातल्या टंट्या भिल्लाला जबलपूरला फाशी झाली. दोन वर्षांनी भिल्ल पलटण पोलिसांत विरघळली. डोंगर आता नमला होता, रेल्वे भुसावळवरून धावत होती, वेगळी पलटण पोसण्याची गरज उरली नव्हती. मेवाडची भिल्ल पलटण, जी १८४१ मध्ये उभी राहिली, ती राजस्थानात आजही नावाने टिकून आहे. खानदेशची नावानेही उरली नाही. १९१२ मध्ये सिमकॉक्स या सनदी अधिकाऱ्याने सरकारी दप्तरांवरून तिचा वृत्तान्त पुस्तकरूपाने छापला. म्हणजे तिच्यावरचे ते पुस्तकसुद्धा ज्याने तिला पोसले आणि मोडले, त्या सरकारच्या नोकराचे.

२३/
हे सारे आज उगाळायचे कशाला? कारण ती नजर अजून जिवंत आहे. वस्तीतल्या पोराला चौकशीला उचलताना पोलिसाला पुरावा लागत नाही, आडनाव पुरते. त्याच पोराने पोलीस भरतीसाठी धाव घेतली की आपण कौतुकाने म्हणतो, "काटक असतात हे लोक." १८२५ चे दोन्ही साचे शाबूत आहेत : एक तर चोर, नाही तर शिपाई. शेतकरी, शिक्षिका, तलाठी, वकील, इतिहासकार हे साचे त्यांच्यासाठी आपल्या बोलण्यात अजून तयारच झालेले नाहीत.

२४/
आणि प्रश्न केवळ बोलण्याचा नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार दावा करणाऱ्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. पुरावा म्हणून कागद लागतो, वडीलधाऱ्यांचा जबाब लागतो, जुनी नोंद लागते. ज्या समाजाचा इतिहास 'साहेब येण्यापूर्वी रानात भटकत होते' एवढ्यावर संपवला जातो, त्याच्या ताब्यावर विश्वास कोणाचा बसणार? राखणीचा हक्क, घाटांवरचे देणे, एजन्सीच्या काळात दिलेल्या जमिनी हा सारा इतिहास म्हणजे या लोकांचे या भूमीशी असलेले नाते आहे. त्यांना रानटी म्हणणे ही निव्वळ शिवी नव्हे. तो सातबारा पुसण्याचा प्रकार आहे.

२५/
मग करायचे काय? घाटाचे नाव बदला, अशी मागणी कोणी करील. मला तिच्यात रस नाही. पाटी बदलणे हे विसरण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे. नाव राहू द्या, पण त्याचा अर्थ पूर्ण सांगा. धरणगावची पलटण शिकवायची असेल तर मालेगावची पंगत आणि अंबापाणीच्या गोळ्या एकाच पाठात शिकवा. रावेर-सावद्याच्या शाळांत १८५२ शिकवा, आणि ते शिकवताना वर्गातल्या पाटलाच्या मुलाने आणि तडव्याच्या मुलीने एकमेकांकडे पाहिले, तर पाहू द्या. तेथून पुढचे संभाषण त्यांनीच करायचे आहे.

२६/
आणि एक वाक्य मात्र आजपासून बंद करा. कोणत्याही साहेबाने, राजाने, पक्षाने किंवा संस्थेने कोणालाही 'माणसात आणले' असे म्हणू नका. भिल्ल पलटणीत भरती झालेला माणूस भुकेला होता, सावध होता, शूर होता, कधी आपल्यांवर कठोर झाला, कधी उलटला, कधी पगार घेऊन गप्प राहिला. म्हणजे तो तुमच्या-माझ्या पूर्वजांसारखाच होता. १८२५ मध्ये धरणगावच्या मैदानात तो रांगेत उभा राहिला, तेव्हा तो आधीपासूनच माणूस होता. त्या रांगेकडे पाहणाऱ्यांना ते तेव्हा दिसले नाही. आपल्याला आता तरी दिसावे.

धागा समाप्त. मतभेद असतील तर अवश्य मांडा; फक्त "पण दरोडे तर घालत होते ना" एवढेच लिहायचे असेल, तर आधी चौथा आणि पाचवा मुद्दा पुन्हा वाचा.